शासनपद्धतीचा पाठ आणि गावची ग्रामपंचायत

वरच्या प्राथमिक वर्गांत नागरिकशास्त्राचा तास चालू असता, शासनपद्धतीचे प्रकार कोणते, असा प्रश्न विचारला म्हणजे राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही ही नावे मुले एका दमात सांगतात. लोकशाहीचे प्रत्यक्ष व प्रातिनिधिक असे दोन भेद, आणि प्रातिनिधिक लोकशाहीचे संसदीय व अध्यक्षीय असे दोन पोटभेद, हेही चांगल्या वर्गात ऐकावयास मिळते. परंतु त्याच मुलांना, आपल्या ग्रामपंचायतीत यांपैकी कोणती पद्धत चालते, असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. उदाहरणे लंडनची, वॉशिंग्टनची व दिल्लीची पाठ झालेली असतात. शाळेपासून शंभर पावलांवर असलेल्या कचेरीकडे मात्र कोणी उदाहरण म्हणून पाहिलेले नसते. वस्तुतः पुस्तकात ज्या ज्या पद्धती वर्णिलेल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींची खूण आपल्या गावात सापडते. ती कशी दाखवावी, आणि ती दाखविताना कोणता मुद्दा निसटू देऊ नये, याविषयी शिक्षकबंधुभगिनींसमोर काही विचार मांडण्याचा येथे हेतू आहे.

आरंभी गावाचा कारभार पाहणाऱ्यांची पदे फळ्यावर लिहावीत : पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, पंच. (यांपैकी काहींची सरकारदप्तरी नावे अलीकडे बदलली आहेत, ग्रामसेवकास आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. परंतु गावाच्या तोंडी जुनीच नावे आहेत आणि मुले तीच ओळखतात, म्हणून आरंभ त्यांनीच करणे सोयीचे.) मग प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत. याला या जागी कोणी बसविले? येथून याला कोण उठवू शकतो? आणि बसल्यापासून उठेपर्यंत याला जाब कोण विचारू शकतो? शासनपद्धतींमधील सारा भेद या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. व्याख्या मागाहून आली तरी चालेल.

तलाठ्याची नेमणूक सरकार करते, बदलीही सरकारच करते. पोलीस पाटील गावातलाच रहिवासी असतो, पण १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणे त्याला नेमतो तो सरकारी अधिकारी. गावाने मत देऊन त्याला निवडलेले नसते. येथे वर्गातील एखादा चौकस मुलगा विचारील की, मग आमच्या शेजारच्या वाड्याला 'पाटलाचा वाडा' का म्हणतात? हा प्रश्न आला तर तास सफल झाला असे समजावे. कारण जुना पाटील वतनाने पाटील होता. बापाचा मुलगा म्हणून तो त्या जागी बसे, आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार रयतेला नव्हता. महसुली पाटलांचे हे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. त्याच वर्षी, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. जन्माने येणारी सत्ता एका बाजूने गेली आणि मताने येणारी सत्ता दुसऱ्या बाजूने आली, ही घटना मुलांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली आहे. राजेशाही व लोकशाही यांतील अंतर समजावण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते असणार?

आता सरपंचाकडे यावे. येथे पुस्तकातील 'संसदीय' आणि 'अध्यक्षीय' हे दोन कठीण शब्द आपोआप सुटतात, कारण महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी अवघ्या पाच वर्षांत या दोन्ही पद्धतींचा अनुभव घेतला आहे. पूर्वी मुंबई ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५८ च्या कायद्यानुसार दीर्घकाळ असे चालत आले की, गावाने पंच निवडावेत आणि पंचांनी आपल्यातून सरपंच निवडावा. पंचांचा विश्वास उडाला तर त्यांनीच अविश्वासाचा ठराव करून सरपंचास पदावरून दूर करावे. दिल्लीत नेमके हेच चालते. आपण मत देतो ते खासदारास, पंतप्रधानास नव्हे. आणि लोकसभेत बहुमताचा आधार असेल तोवरच पंतप्रधान त्या पदावर राहतो. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. त्या दिवशी देशातील कोट्यवधी मतदारांपैकी कोणालाही मतदान करावे लागले नाही. त्यांच्या प्रतिनिधींनी एका दिवसात सरकार पाडले. ही संसदीय पद्धतीची शक्ती होय, आणि तिच्या टीकाकारांच्या मते हीच तिची दुर्बलताही होय.

२०१७ साली कायद्यात बदल होऊन सरपंचाची निवड थेट मतदारांनी करावी असे ठरले. २०२० साली तो बदल मागे घेण्यात येऊन निवडीचा अधिकार पुन्हा पंचांकडे गेला. २०२२ साली थेट निवड परत आली. या फेरबदलांमागील राजकारणात शिरण्याचे आपणांस कारण नाही. शिक्षणदृष्ट्या मात्र ते फार उपयोगी आहेत. थेट निवडलेला सरपंच हा अमेरिकेच्या अध्यक्षासारखा स्वतःच्या बळावर उभा असतो. त्याची सत्ता पंचांच्या बहुमतातून आलेली नसते. तेव्हा सरपंच एका गटाचा आणि पंचांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, असा प्रसंग उद्भवतो. कित्येक गावांनी तो अनुभवलेला आहे. सरपंचाने विषय मांडावा, पंचांनी तो फेटाळावा. पंचांनी ठराव करावा, सरपंचाने त्याकडे पाठ फिरवावी. अमेरिकेत अध्यक्ष एका पक्षाचा आणि विधिमंडळात बहुमत दुसऱ्या पक्षाचे असले म्हणजे जे होते, तेच येथे लहान प्रमाणावर होते. तेथे अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो व विधिमंडळ केवळ अविश्वास व्यक्त करून त्याला काढू शकत नाही. गंभीर गुन्ह्याबद्दल महाभियोगाची अवघड वाट तेवढी मोकळी असते.

आपल्या कायद्याने थेट सरपंचाच्या बाबतीत एक मधला मार्ग काढला आहे, आणि तो मुलांना अवश्य सांगावा. अशा सरपंचाविरुद्ध पहिल्या दोन वर्षांत, तसेच मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. त्यानंतर पंचांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव केला, तरी तेवढ्याने काम भागत नाही. तो विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तेथे गुप्त मतदानाने मान्य व्हावा लागतो. यातील तर्क सरळ आहे. ज्याला गावाने बसविले, त्याला गावानेच उठवावे. आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे एकमेकांशी कशी बांधलेली असतात हे यावरून स्पष्ट होते.

या दोन पद्धतींत चांगली कोणती, असे मुले विचारतील. शिक्षकाने निर्णय देण्याची घाई करू नये. वर्गाचे दोन भाग करून वाद घडवून आणावा. एवढे मात्र सांगावे की, कोणतीही पद्धत स्वीकारली तरी तिसरा प्रश्न शिल्लक राहतो. बसविण्याचा व उठविण्याचा अधिकार पाच वर्षांत एकदोनदा वापरला जातो. मधल्या दिवसांत काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नागरिकशास्त्राच्या अध्यापनातील मोठी उणीव येथेच आहे. मतदान हे लोकशाहीचे कर्तव्य आहे असे आपण सांगतो, त्यावर घोषवाक्ये लिहून घेतो, प्रभातफेऱ्या काढतो आणि विषय संपवितो. साहजिकच मुलांची अशी समजूत होते की, मत दिले म्हणजे नागरिकाचे काम झाले. पुढचे प्रतिनिधीने पाहावे.

या मधल्या दिवसांचे महत्त्व किती, याचे उदाहरण आपल्या जिल्हा परिषदांच्याच अलीकडच्या इतिहासात आहे. १९९२ साली झालेल्या व २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी असे बंधन घातले. तथापि राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, या निवडणुका घ्या, असा आदेश द्यावा लागला. या काळात शाळा चालल्या, पगार झाले, पुस्तके वेळेवर आली. मग प्रतिनिधी नसल्याने बिघडले काय, असा प्रश्न कित्येक शिक्षकांनी केंद्रसंमेलनांत विचारला आहे, आणि तो प्रामाणिक आहे. त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये.

प्रशासक हा बहुधा कर्तबगार अधिकारी असतो. त्याचे निर्णय शीघ्र होतात. परंतु आपले तीन प्रश्न त्याला लावून पाहावेत. त्याला सरकारने बसविले, सरकारच उठविते, आणि जाब विचारावयाचा तर तोही सरकारच विचारू शकते. एखाद्या वाडीवरील शाळेची गळकी खोली तीन पावसाळे तशीच राहिली, तर प्रतिनिधी असता त्या वाडीतील म्हातारी त्याला बाजाराच्या दिवशी वाटेत गाठून चार शब्द सुनावू शकते, आणि पुढच्या सभेत त्याला तो विषय निदान उच्चारावा तरी लागतो. प्रशासकाच्या काळात ती म्हातारी अर्जदार होते. अर्जदार आणि मतदार यांत जो भेद आहे, तोच प्रशासन आणि प्रतिनिधित्व यांत आहे. अर्जावर निर्णय चांगलाही होईल, पण तो कृपा म्हणून होईल.

याच्या उलट टोकाला आणखी एक गोष्ट आहे आणि ती खेड्यांत अधिक नाजूक आहे. निवडणूक आली की गावात भांडणे होतात, भाऊबंद दुरावतात, पैसा खर्च होतो. त्यापेक्षा सर्वांनी बसून नावे ठरवावीत आणि पंचायत बिनविरोध करावी, असे म्हणणारे पुष्कळ सज्जन असतात. बिनविरोध गावांस विकासनिधी मिळवून देऊ, अशा घोषणाही काही लोकप्रतिनिधींनी वेळोवेळी केल्या आहेत. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण मुलांना शिकवितो, तेव्हा एकोप्याचे हे आकर्षण स्वाभाविकच आहे. परंतु 'बिनविरोध' या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी नांदतात, आणि त्यांतील भेद ओळखावयास शिकविणे हे शिक्षकाचे काम आहे.

पहिली गोष्ट २०२१ सालची. त्या वर्षीच्या जानेवारीत राज्यातील सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पंचायतीच्या पदांसाठी जाहीर बोली लावल्या गेल्याचे उघडकीस आले. उमराण्यात बोलीची रक्कम मंदिराच्या कामी लावावयाची होती. म्हणजे पैसा कोणाच्या खिशात जाणार नव्हता, तो देवकार्यास लागणार होता. गावातील अनेकांना त्यात गैर असे काही वाटलेही नसेल. तथापि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूकप्रक्रिया रद्द केली, आणि ते सर्वथा योग्य झाले. का योग्य झाले, हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात जरूर चर्चेस घ्यावा. ज्याने पद बोलीने घेतले, त्याला कोणी बसविले? त्याच्या पैशाने. मग ज्या शेतमजुराजवळ बोलीसाठी दमडीही नव्हती, त्याच्या मताचे काय झाले? आणि उद्या त्याने जाब विचारला, तर 'मी मोजून घेतले आहे' हे उत्तर तयारच आहे. देवळाचे काम चांगले असेलही, पण मत ही गावाची सामाईक मिळकत नव्हे की जी चार प्रतिष्ठितांनी बसून लिलावात काढावी. ते एकेका माणसाचे आहे.

दुसरी गोष्ट गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाची. लेखा-मेंढा या जोडनावाने ते प्रसिद्ध आहे. येथेही निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, पण तेथे संमतीची वाट फार लांबची आहे. गावातील ग्रामसभेत सर्व प्रौढ स्त्रीपुरुष बसतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो आणि पुन्हा बोलणे होते. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट आहे. कायदा काय म्हणतो, जंगलाचे हिशेब काय आहेत, याची तेथे निवांत चर्चा होते, तज्ज्ञांनाही बोलाविले जाते. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. याच बळावर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मेंढ्याच्या ग्रामसभेस मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक होय. मेंढ्यात मतभेद दाबला जात नाही, तो संपेपर्यंत बोलले जाते. लिलावाच्या गावात बोलण्याची जागाच शिल्लक राहत नाही. दोन्ही ठिकाणी शेवटी मतपेटी उघडावी लागली नाही म्हणून दोन्ही सारखीच, असे कोण म्हणेल?

गावाच्या एकमताविषयी सावध राहण्यास आणखी एक कारण आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगीतांवर कठोर टीका केली होती आणि घटनेचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्या वेळी ते अनेकांना रुचले नाही. पुढे घटनेच्या ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायतींची तरतूद झाली, ती गांधीविचाराच्या आग्रहामुळे. परंतु बाबासाहेबांच्या आक्षेपातील मर्म आजही पुसलेले नाही. 'गावाचे मत' म्हणून जे सांगितले जाते, ते चावडीवर कोण बसला होता आणि पायरीखाली कोण उभा होता, यावर अवलंबून असते. प्रत्यक्ष लोकशाही ही आपोआपच सर्वांची असते असा समज असेल, तर स्वित्झर्लंडकडे पाहावे. तेथील ग्लारुस व आपेंझेल इनररोडन या परगण्यांत आजही नागरिक वर्षातून एकदा उघड्या मैदानात जमून हात वर करून कायद्यांवर मत देतात. पुस्तकांतून प्रत्यक्ष लोकशाहीचे उदाहरण म्हणून हेच दिले जाते. त्या आपेंझेलच्या मैदानात स्त्रियांना मत देण्याचा अधिकार १९९० साली न्यायालयाच्या निर्णयाने मिळाला. तोपर्यंत तेथील पुरुष दरवर्षी प्रत्यक्ष लोकशाहीच्या मार्गानेच स्त्रियांना बाहेर ठेवीत आले होते.

आपल्या देशाने स्त्रियांना मताचा अधिकार पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून, म्हणजे १९५१-५२ पासून दिला. मतदार सुमारे १७ कोटी होते आणि बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली पेटी वेगळी ठेवण्यात आली होती. तरीही मतदारयादी तयार करताना सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद स्वीकारली नाही. ही हकिगत मुलींच्या वर्गात अवश्य सांगावी. अधिकार कागदावर मिळाला, पण तो वापरण्यासाठी आधी स्वतःचे नाव उच्चारावे लागते. आज महाराष्ट्रातील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. २०११ साली हा निर्णय झाला. आणि तरीही 'सरपंच कोण?' असे विचारल्यावर मुले कधी कधी सरपंचबाईंच्या यजमानांचे नाव सांगतात. मुलांची चूक नाही. ती जे पाहतात ते सांगतात. शिक्षकाने तेथेच थांबून फळ्यावर बाईंचे पूर्ण नाव लिहावे.

आता ग्रामसभेविषयी. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. म्हणजे एकाच गावात प्रातिनिधिक लोकशाही पंचायतीच्या रूपाने आणि प्रत्यक्ष लोकशाही ग्रामसभेच्या रूपाने शेजारी शेजारी असतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात आणि प्रत्येक ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हवेत. येथे गणिताचा तास नागरिकशास्त्रास जोडता येतो : १,४०० मतदारांच्या गावात किती माणसे हवीत, आणि ४०० मतदारांच्या गावात किती? पहिल्याचे उत्तर १००, दुसऱ्याचे ६०. यापुढील प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तेवढी माणसे न आल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. याचा अर्थ असा की, गाव आले नाही तरी गावाच्या नावाने निर्णय होतो. घरकुल कोणाला, रस्ता कोणत्या आळीत, पाण्याची टाकी कोठे, हे दहा-बारा माणसे ठरवू शकतात. आणि मागाहून कुरकुर करणाऱ्यास, तुम्ही त्या दिवशी कोठे होता, असा बिनतोड सवाल करू शकतात. अनुपस्थित राहणे हेही एक प्रकारचे मत आहे. ते नेहमी हजर असलेल्याच्या पदरात पडते.

शाळेत यातील काय करता येईल? अनेक शाळांत मुलांचे मंत्रिमंडळ असते. आहारमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री अशी नावे सुंदर अक्षरांत भिंतीवर लावलेली आढळतात. चौकशी केली असता बहुधा कळते की, ती नावे गुरुजींनी ठरविली, वर्गातील हुशार मुलांची ठरविली आणि जूनपासून मार्चपर्यंत ती तशीच राहिली. ही राजेशाही झाली. फार तर प्रशासकाची राजवट म्हणावी. याऐवजी चिठ्ठ्यांनी निवड करावी. एका वर्गाने प्रतिनिधी निवडावेत व प्रतिनिधींनी मुख्यमंत्री निवडावा. दुसऱ्या वर्गाने मुख्यमंत्री थेट निवडावा. मग दोन्ही वर्गांनी महिनाभराने अनुभव ताडून पाहावेत. परंतु निवडीपेक्षाही निवडीनंतरची एक गोष्ट न चुकता करावी : दर शनिवारी दहा मिनिटे मंत्र्यांनी उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावीत. चेंडू फक्त मोठ्या मुलांनाच का मिळतो? पाण्याच्या टाकीचे झाकण उघडे का राहिले? पहिल्या शनिवारी कोणी विचारणार नाही. दुसऱ्या शनिवारी एखादी लहान मुलगी विचारील आणि मंत्रिमहोदय रडकुंडीस येतील. त्या वेळी गुरुजींनी मंत्र्याची बाजू घेण्याचा मोह आवरावा. आणि मुलीने उर्मटपणे विचारले असेल तर तिला प्रश्न सभ्य शब्दांत पुन्हा विचारावयास सांगावे, पण तो विचारू नको असे सांगू नये.

शिक्षकांच्या स्वतःच्या अंगणातही एक प्रातिनिधिक संस्था आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती दिली. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. ही निवड पालकसभेत होते की वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. मुले पाहतच असतात.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांनुसार शिक्षकास मत देण्याचा अधिकार आहे, प्रचार करण्याचा नाही. वर्गात चालू सरपंचाचे, चालू भांडणाचे वा कोणत्याही पक्षाचे गुणदोष काढू नयेत. पद्धत शिकवावी, माणसे नव्हेत. वर सांगितलेले तीन प्रश्न कोणाच्याही बाजूचे नसतात, हा त्यांचा मोठा फायदा होय. एखाद्या पालकाने येऊन, मुलाला पंचायतीच्या गोष्टी कशाला शिकवता, असे विचारले तर पाठ्यपुस्तकातील स्थानिक शासनाचा भाग त्यांच्यापुढे ठेवावा व वाद वाढवू नये.

आपली शाळा हीच बहुधा मतदानकेंद्र असते आणि आपणच तेथे मतदान अधिकारी असतो. मतदान संपल्यानंतर दुसऱ्या दिवशी भिंतीवरील केंद्रक्रमांक, बाण आणि बाहेरची चुन्याची रेघ घाईने पुसून टाकू नये. पहिल्या तासाला मुलांना त्या बाणांवरून चालवत न्यावे. येथे नाव तपासले, येथे डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावली, या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा होता. तो आडोसा का होता, असे विचारावे. घरी आईवडिलांनी कोणाला मत दिले हे विचारू नये, आणि एखादे मूल आपण होऊन सांगू लागले तर त्याला हळूच थांबवावे. मग चुन्याच्या रेघेपाशी सर्वांना उभे करून, या रेघेच्या आत प्रचार का चालत नाही, हे त्यांचे त्यांनाच सांगू द्यावे. तेवढे झाले म्हणजे बादली व खराटा घेऊन भिंती धुण्यास हरकत नाही.